दार उघडायचं की नाही, हे आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात बावीस मजली टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर घर, नऊ आणि चार वर्षांची दोन मुलं, गुडघे गेलेले सासरे, सगळ्या खिडक्यांना ग्रिल. शेजारच्या इमारतीत मीटर रूम पेटल्यापासून झोप उडालीय. दोरीची शिडी आणि मास्क मागवू का, आणि मुलांना न घाबरवता काय शिकवू?

शिडी मागवू नका. अकराव्या मजल्यावरून, अंधारात, चार वर्षांचं पोर कडेवर घेऊन तिच्यावरून कोणी उतरत नाही. साधे मास्कही नकोत. ते काजळी अडवतात, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाहीत. आणि इमारतींच्या आगीत माणसं भाजून कमी, धुराने गुदमरून जास्त जातात. तोच पैसा टॉर्च, स्मोक अलार्म आणि ग्रिलवाल्यावर घाला. कसा, ते पुढे सांगते.

मी डोंबिवलीला सात मजली इमारतीत पाचव्यावर राहते. सहा वर्षं सोसायटीची सेक्रेटरी होते, त्यातल्याच एका मे महिन्यात रात्री अडीचला आमची मीटर रूम पेटली. पंखा बंद पडला म्हणून जाग आली. उकडतंय म्हणून आमच्याकडे मेन दार उघडं आणि नुसतं जाळीचं सेफ्टी डोअर लावलेलं असायचं. त्या जाळीतून धूर हॉलमध्ये येत होता, रबर जळल्यासारखा वास. आमच्या ह्यांनी "चला, खाली चला" म्हणून सेफ्टी डोअर उघडायला घेतलं आणि किल्ली सापडेना. ती टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये होती, लग्नपत्रिकांच्या खाली. तिने आम्हाला वाचवलं असं आज वाटतं, कारण तोवर जिना पार काळा झाला होता. चौथ्या मजल्यावरचे एक काका उतरायला निघाले, ते दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगला कोसळले. जवानांनी उचलून नेलं, आठ दिवस हॉस्पिटलमध्ये काढले आणि सुखरूप घरी आले. आम्ही लाकडी दार लावलं, फटीला ओली चादर कोंबली आणि चाळीस मिनिटं गॅलरीत उभे राहिलो.

म्हणून पहिलं हेच. आग लागली की पळायचं, हे बैठ्या घराचं शहाणपण आहे. टॉवरमध्ये आधी आग कुठे लागलीय ते बघायचं.

आग आपल्याच घरात असेल तर एक मिनिटही थांबू नका. सगळे बाहेर, शेवटच्याने दार ओढून घ्यायचं. कुलूप नाही, नुसतं ओढून. बंद दारामुळे जिना शेजाऱ्यांसाठी मोकळा राहतो आणि आगीला हवा कमी मिळते. मग जिन्याने खाली. लिफ्ट नाहीच. वीज गेली की ती मध्ये अडकते, आणि लिफ्टचा डक्ट म्हणजे धुराचं धुरांडं. गच्चीकडेही जाऊ नका, धूर वरच चढतो आणि गच्चीच्या दाराला बहुतेक कुलूप असतं.

आग दुसरीकडे असेल तर दाराला हाताची मागची बाजू लावून ते तापलंय का बघा, तापलं नसेल तरच दार बोटभर उघडा. जिना स्वच्छ असेल तर उतरा. धूर असेल तर लावा परत आणि आतच थांबा. लाकडी दार लावायचं, जाळीचं नव्हे. फटीला ओले टॉवेल, सगळ्यांनी दारापासून सगळ्यात लांबच्या, खिडकी किंवा गॅलरी असलेल्या खोलीत, मधली दारंही बंद. 101 लावा (112 वरूनही मदत मिळते) आणि ठरलेलं वाक्य बोला: इमारत, विंग, मजला, फ्लॅट नंबर, जवळची खूण, आत किती जण, त्यात चालता न येणारं कोणी. आम्ही हे फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलंय, कारण त्या रात्री ह्यांना स्वतःचा विंग नंबर आठवेना. मग गॅलरीतून टॉर्च किंवा चादर हलवत राहायचं.

ओल्या कापडाबद्दल: 22 ऑगस्ट 2018 ला परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, त्यात चार जण गेले. तिथे दहा वर्षांच्या एका मुलीने अडकलेल्या शेजाऱ्यांना ओल्या सुती कापडातून श्वास घ्यायला लावलं, शाळेत शिकलेलं होतं तिने. वाट बघताना त्याचा उपयोग होतो, नाकातोंडात काजळी कमी जाते. पण ओला रुमाल बांधून धुराच्या जिन्यात शिरायचं धाडस त्याच्या भरवशावर करू नका.

आता किल्ली. तुमच्या सेफ्टी डोअरला आतून किल्ली लावावी लागत असेल तर याच आठवड्यात लॅच बदलून घ्या, आतून हाताने फिरेल असा. चोरांची भीती मलाही आहे, पण आतल्या माणसाला कोंडणारं कुलूप घरात नको. तोवर किल्ली दाराजवळ खिळ्याला, आणि ती तिथून कोणी उचलायची नाही. आमच्या सासूबाईंनी त्या खिळ्याला पहिल्याच दिवशी छत्री अडकवली होती!

मुलांचं सोपं आहे, मोठ्यांचंच अवघड. आम्ही शनिवारी रात्री दिवे घालवून खेळायचो. दोघांनी चादर कमरेइतक्या उंचीवर ताणून धरायची, तो धूर. तिला डोकं न लावता बेडरूमपासून दारापर्यंत मांजरासारखं रांगत जायचं, एक हात भिंतीवर. तापलेला धूर वर राहतो, श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत असते, हे मुलाला समजावत बसावं लागत नाही, पाठीला चादर लागली की कळतं. कपडे पेटले तर थांबायचं, तोंडावर हात घेऊन आडवं व्हायचं, लोळायचं; हे सतरंजीवर करून घ्या. चार वर्षांच्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: लपायचं नाही. लहान मुलं घाबरली की पलंगाखाली नाहीतर कपाटात शिरतात. आणि तोंडावर मास्क, पाठीवर सिलिंडर असा जवान बघून तर आणखीच आत सरकतात. 14 एप्रिलपासूनच्या अग्निशमन सेवा सप्ताहात त्यांना जवळच्या केंद्रावर नेऊन तो पोशाख दाखवून आणा. (1944 साली त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत जहाजाचा स्फोट झाला आणि 66 जवान गेले, म्हणून तो आठवडा. नऊ वर्षांच्याला हे सांगायला हरकत नाही.)

सासऱ्यांसाठी आधी प्रत्यक्ष करून बघा. आम्ही सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवायला गेलो, तिसऱ्या पायरीलाच खुर्चीचा हात वाकला. मग लाकडी खुर्ची घेतली, एक जण पाठ धरून, एक जण पाय धरून. पाच मजल्यांना अकरा मिनिटं, आणि खाली पोचेपर्यंत ह्यांची कंबर धरली. सासूबाई मात्र मजेत, "पालखीत बसल्यासारखं वाटलं" म्हणाल्या. त्या दिवशी ठरलं की आग आपल्या घरात असेल तरच खुर्ची, आणि तीही दोन मजले खालच्या ओळखीच्या घरापर्यंत. एरवी त्या बंद दाराआड गॅलरीत, आमच्यापैकी एक जण सोबत. खालच्या त्या घराशी आधी बोलून ठेवा. तुमच्या इमारतीत रेफ्यूज एरियाही, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला राखलेली मोकळी जागा, असायला हवा, एवढ्या उंच इमारतींना तो लागतो. कितव्या मजल्यावर आहे ते सासऱ्यांना घेऊन बघून या आणि त्याला कुलूप आहे का, तिथे कोणाचे जुने सोफे ठेवलेत का, तेही बघा.

खाली भेटायची जागा इमारतीच्या पायथ्याशी नको, वरून काचा पडतात. गेटजवळही नको, बंब तिथूनच येणार. आमची जागा समोरचं मेडिकल. माणसं मोजायचं काम माझं. मोबाईल, दागिने, मांजर, कशासाठीही परत वर नाही. कागदपत्रं डिजिलॉकरला टाकून ठेवा म्हणजे तो मोहच नको.

झोपेत धुराचा वास येऊन जाग येईल यावर विसंबू नका. बॅटरीवरचा स्मोक अलार्म बेडरूमच्या बाहेर छताला लावा, स्वयंपाकघरात नको, रोजच्या फोडणीला वाजेल आणि कंटाळून कोणीतरी सेल काढून ठेवेल. देवघराजवळही नको, आमचा पहिल्याच धूपाला वाजला. त्याच्या आवाजाने मोठी उठतात, मुलं बरेचदा झोपूनच राहतात. म्हणून कोणी कोणत्या मुलाला उचलायचं ते ठरलेलं हवं. प्रत्येक पलंगाजवळ टॉर्च.

सोसायटीचं एवढंच बघा: फॉर्म बी, म्हणजे इमारतीची आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून द्यावा लागतो. तो मागा, आणि कागदावर समाधान न मानता हायड्रंटचं, म्हणजे आग विझवायच्या नळाचं, पाणी सोडून दाखवायला सांगा. जिन्यातली चपलांची कपाटं आणि चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटऱ्या हलवायला सांगितल्यावर शेजारी महिनाभर बोलत नाहीत. चालेल.

ग्रिलचं शेवटी. अकराव्यावरून त्यातून उतरायचं नाहीच, पण बाहेरून जवान आला तर कापण्यात वेळ जातो, म्हणून निदान गॅलरीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप करून घ्या. चार वर्षांचं पोर आहे, तेव्हा तिला कुलूप हवंच. किल्ली त्याच खिडकीशेजारी, त्याचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, आणि नऊ वर्षांच्याला ती कुठे आहे ते माहीत हवं. फॅब्रिकेशनवाल्याला माप देताना घरातल्या सगळ्यात जाड माणसाला उभं करा. आमच्याकडे माप माझं घेतलं, झडप बसली, आणि ह्यांचं पोट अडकलं. दुसऱ्यांदा पैसे भरले.