मास्तरांना विचारा : चीन नक्की कोणाच्या बाजूचा?

या महिन्याच्या टपालात चीनच चीन. एका पत्रात तर शी जिनपिंग यांची रास विचारली आहे. ते खातं माझ्याकडे नाही. बाकीच्यांतली काही पत्रं घेतो.

प्रश्न : चीनला जमिनीवर चौदा शेजारी. त्यांतल्या बारा जणांशी त्यानं सीमा मिटवल्या म्हणतात. मग आपलंच घोडं कुठं अडलं? – एक शेतकरी, मोहोळ

दादा, बांधाची भांडणं तुम्हाला मी काय सांगावीत! एका शेजाऱ्याशी कोर्टाची पायरी चढावी लागणार अशी चिन्हं दिसली, की शहाणा माणूस बाकीच्या शेजाऱ्यांशी गोडीनं मिटवून घेतो. दोन हात जमीन सुटली तरी सोडतो. आता तारखा बघा. ऑक्टोबर 1960 मध्ये ब्रह्मदेशाशी करार, ऑक्टोबर 1961 मध्ये नेपाळशी, डिसेंबर 1962 मध्ये मंगोलियाशी, मार्च 1963 मध्ये पाकिस्तानशी, त्याच वर्षी नोव्हेंबरात अफगाणिस्तानशी. आणि या सगळ्याच्या मधोमध, 20 ऑक्टोबर 1962 ला, आपल्यावर हल्ला.

गंमत म्हणजे ज्या मॅकमहॉन रेषेला, म्हणजे ब्रिटिशांच्या काळात तिबेटलगत आखलेल्या पूर्वेकडच्या सीमेला, चीन आपल्यासमोर बेकायदा म्हणतो, तीच रेषा ब्रह्मदेशाच्या वाट्याला आली तिथं त्यानं जवळपास जशीच्या तशी मान्य केली. नाव तेवढं घेतलं नाही. म्हणजे अडचण रेषेची नव्हती. अडचण तिबेटची होती. 1959 मध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, आणि तिबेटला वेढून असलेले शेजारी शांत ठेवणं चीनला निकडीचं झालं. शिवाय शिनजियांगहून तिबेटला जाणारा त्यांचा रस्ता अक्साई चीनमधून, म्हणजे लडाखच्या आपण आपला म्हणतो त्या भागातून जातो. तो 1957 मध्येच बांधून झाला होता. एप्रिल 1960 मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीत आले तेव्हा सूर असा होता, की पूर्वेकडचं (आजचा अरुणाचल) तुम्ही ठेवा, पश्चिमेकडचं (अक्साई चीन) आम्हाला राहू द्या. नेहरूंना ते मान्य झालं नाही. त्या वेळच्या संसदेत ते पचलंही नसतं.

बारा जणांशी मिटवताना चीननं बऱ्याचदा मागितलं त्याहून फार कमी घेतलं. ताजिकिस्तानकडे मागणी अठ्ठावीस हजार चौरस किलोमीटरची होती. तडजोड हजारभरावर झाली, आणि 2011 मध्ये ताजिक संसदेनं ती मान्य केली. उरलो आपण आणि भूतान. भूतानशी बोलणी 1984 पासून चालू आहेत. चीनचा डोळा डोकलामच्या पठारावर, कारण तिथून आपली ईशान्येला जोडणारी सिलिगुडीची चिंचोळी पट्टी जवळ पडते. तेव्हा भूतानचं प्रकरणही शेवटी आपल्याच फायलीत येऊन पडतं.

प्रश्न : पाकिस्तान चीनला जिवलग म्हणतो. मग 1971 ला चीन का आला नाही? आणि उद्या काही झालं तर येईल का? – एक यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

हल्ला झाला तर आम्ही सैन्य घेऊन येऊ, असं लेखी वचन चीननं आज फक्त उत्तर कोरियाला दिलेलं आहे. जुलै 1961 चा तह. 2021 मध्ये त्याची मुदत आणखी वीस वर्षांनी वाढली. पाकिस्तानशी असा तह नाही. त्यामुळे 1965 मध्ये सिक्कीमच्या सीमेवरून आपल्याला निर्वाणीचा इशारा दिला आणि पुढं काही केलं नाही. 1971 मध्ये तर डिसेंबरात खिंडी बर्फानं बंद, उत्तरेला रशियाचं मोठं सैन्य (1969 मध्येच त्यांच्याशी उसुरी नदीवर गोळीबार झालेला), आणि आपला सोव्हिएतशी 9 ऑगस्टला तह झालेला. चीननं भाषणं केली. पुढच्या वर्षी बांगलादेश संयुक्त राष्ट्रांत येऊ नये म्हणून नकाराधिकारही वापरला. आज त्याच बांगलादेशाला सर्वांत जास्त शस्त्रं कोण विकतं? चीनच.

तेव्हा उद्या चीन स्वतः उतरेल असं मला वाटत नाही. काळजीची गोष्ट वेगळीच आहे: त्याला उतरायची गरजच कमी झाली. 2020 ते 2024 या काळात पाकिस्ताननं बाहेरून घेतलेल्या शस्त्रांपैकी 81 टक्के चिनी होती, हा स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा हिशेब. मे 2025 च्या चकमकीत पाकिस्तानकडची चिनी जे-10 सी विमानं आणि पीएल-15 क्षेपणास्त्रं आपण पाहिली. चीन त्या वेळी पाकिस्तानला चालू घडीची माहिती पुरवत होता, असं आपले लष्कर उपप्रमुख राहुल सिंग यांनी जुलैत जाहीरपणे सांगितलं. सैनिक एकही नाही, बाकी सगळं आहे.

प्रश्न : भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकाला चिनी पाहुणे हार घालतात आणि तिकडं गलवान होतं. हे ढोंग नाही का? – एक गृहिणी, जुळे सोलापूर

ताई, ढोंग म्हणून मोकळं होणं सोपं आहे. द्वारकानाथ कोटणीस याच सोलापुरात 1910 मध्ये जन्मले. 1938 मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, त्यात ते होते. जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींची त्यांनी सेवा केली आणि 9 डिसेंबर 1942 ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. हे खरंच घडलं, आणि चिनी माणसाच्या मनातला आदरही खरा आहे. पण सरकारं आदराचाही वापर करतात. सप्टेंबर 2014 मध्ये शी जिनपिंग दिल्लीत कोटणीसांच्या बहिणीला भेटले, आणि त्याच दिवसांत लडाखमध्ये चुमारला चिनी सैनिक आपल्या हद्दीत ठाण मांडून होते. हाराबद्दल राग धरू नका. त्यावरून सीमेचा अंदाज मात्र बांधू नका.

प्रश्न : चिनी माल घ्यावा का? – अनेक जण

2024-25 मध्ये चीनशी आपली व्यापारी तूट 99 अब्ज डॉलरच्या घरात गेली. दिवाळीच्या माळा न घेतल्यानं ती हलणार नाही. औषधांचा कच्चा माल आणि मोबाइलचे सुटे भाग इथं होऊ लागले तर हलेल. टॉवेल मात्र सोलापुरीच घ्या, त्याला कारण लागत नाही.

प्रश्न : सर, प्रकल्पासाठी विचारते. दोन्ही देश कम्युनिस्ट, तरी 1979 मध्ये चीननं व्हिएतनामवर हल्ला का केला? – बी.ए.ची विद्यार्थिनी, बार्शी

विचारधारा बाजूला ठेव आणि तारखा ओळीनं मांड. 3 नोव्हेंबर 1978 ला व्हिएतनामनं सोव्हिएतशी मैत्रीचा तह केला. डिसेंबरअखेर ते कंबोडियात घुसले आणि चीनच्या पाठिंब्यावरची ख्मेर रूज राजवट उलथली. 17 फेब्रुवारी 1979 ला चीननं हल्ला केला. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयी चीनमध्येच होते. दौरा आवरता घेऊन परतले. मार्चच्या मध्यापर्यंत चिनी सैन्य माघारी गेलं. व्हिएतनाम कंबोडियातून हटला नाही, तो 1989 पर्यंत तिथंच होता. पण सोव्हिएत मदतीला लढायला आले नाहीत, हे सगळ्या आशियानं पाहिलं. माझ्या मते चीनला तेच दाखवायचं होतं.

दक्षिण चीन समुद्रातली पॅरासेल बेटं विसरू नकोस. चीननं ती जानेवारी 1974 मध्ये दक्षिण व्हिएतनामकडून घेतली, तेव्हा हनोई, म्हणजे उत्तर व्हिएतनामचं सरकार, चीनच्या मदतीवर लढत होतं, म्हणून गप्प राहिलं. आता त्याच बेटांवर ते हक्क सांगतं. परीक्षकांनी विचारलं तर 1999 चा जमिनीवरचा सीमा करार आठवणीनं सांग. बेटांचा वाद अजून तसाच आहे.