सम्पमधलं पाणी कमी झालं की पंप आपोआप बंद व्हावा, यासाठी फ्लोट स्विच आणि रिले कसा जोडायचा?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: कोल्हापुरात माशांची ३ फुटी टाकी, खाली कॅबिनेटमध्ये सम्प (वरच्या टाकीचं पाणी उतरतं ती खालची टाकी), तिथून पाणी परत वर चढवणारा १८ वॉटचा पंप. उन्हात पाणी आटून पंप कोरडा चालतो म्हणून फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या तरंगत्या फ्लोटनं चालू-बंद होणारा स्विच) थेट पंपाच्या वायरीत घातला. आधी पंप सारखा चालू-बंद व्हायला लागला, आणि पंधरा दिवसांनी फ्लोट हातानं खाली दाबला तरी पंप बंदच होईना.

हे दोन वेगळे बिघाड आहेत. रिले (छोट्या विजेनं चालून मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) लावून दुसरा सुटेल, पहिला तसाच राहील.

दुसरा आधी घेतो. त्या छोट्या फ्लोटच्या दांडीत काचेची बारीक नळी असते, तिच्यात केसाएवढं अंतर ठेवलेल्या दोन पातळ पट्ट्या. फ्लोटमधलं चुंबक समोर आलं की पट्ट्या जुळतात. या स्विचची ताकद बहुतेक १० वॉटची. पंपात तांब्याचं वाइंडिंग, त्यामुळं बंद करताना दर वेळी ठिणगी पडते आणि एक दिवस पट्ट्या वितळून जुळलेल्याच राहतात. तो स्विच आता टाकून द्या, ठोकून सुटला तरी परत वापरू नका. शिवाय फ्लोटसाठी माशांच्या पाण्यात २३० व्होल्टची वायर सोडायचं काही कारणच नाही.

आता पहिला. पंप थांबला की पाइपमधलं आणि वरच्या टाकीतलं ओव्हरफ्लोच्या (पाणी खाली उतरायच्या तोंडाच्या) वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं. पातळी वर येते, फ्लोट उचलतो, पंप सुरू. पाणी वर गेलं, पातळी खाली, पंप बंद. एका फ्लोटवर हे असंच चालणार. म्हणून दोन फ्लोट आणि स्वतःला धरून ठेवणारा रिले लागतो.

सामान फार नाही. १२ व्होल्ट डीसी, ८ पिनांचा, दोन चेंजओव्हरचा (म्हणजे आत दोन स्विच असलेला) रिले आणि त्याचा स्क्रूवाला सॉकेट; १२ व्होल्ट १ ॲम्पचा ॲडॅप्टर; दोन फ्लोट स्विच; एक १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा); १ ॲम्पचा फ्यूज; लाल इंडिकेटर; झाकणाचा प्लॅस्टिक बॉक्स आणि ग्लँड (वायर बॉक्समध्ये घट्ट धरणारी बूच). शाहूपुरी-लक्ष्मीपुरीकडं एका फेरीत जमेल. निळे रिले मॉड्यूल बोर्ड घेऊ नका, ते मायक्रोकंट्रोलरसाठी आहेत. इथं नुसता रिले पुरतो. याची कॉइल (रिले ओढणारी तारेची गुंडाळी) साधारण ७५ मिलिॲम्प घेते, म्हणजे १ वॉटच्या आत. १० वॉटच्या फ्लोटला हे काहीच नाही.

१२ व्होल्टची बाजू: ॲडॅप्टरची प्लस वायर खालच्या फ्लोटला. तिथून पुढं दोन वाटा समांतर, एक वरच्या फ्लोटमधून आणि दुसरी रिलेच्या एका चेंजओव्हरच्या कॉमन-एनओमधून (कॉमन हे सामाईक टोक; रिले लागला की ते एनओला जोडतं, सुटलेला असताना एनसीला). दोन्ही एकत्र येऊन कॉइलला, कॉइलचं दुसरं टोक मायनसला. डायोड कॉइलवर आडवा, चंदेरी पट्टा प्लसकडं. उलटा लावलात तर ॲडॅप्टर शॉर्ट होईल. दोन्ही फ्लोट पाणी वर असताना जोडणारे हवेत. मल्टिमीटरच्या बीपवर बघा. उलटं असेल तर खालची क्लिप काढून फ्लोट पालथा घाला. यामुळं वायर तुटली किंवा सुटली तर पंप बंदच राहतो, आणि चूक व्हायचीच असेल तर ती या बाजूला झालेली बरी.

२३० ची बाजू: फेज फ्यूजमधून दुसऱ्या चेंजओव्हरच्या कॉमनला, एनओ पंपाला, न्यूट्रल सरळ. एनसीवर लाल इंडिकेटर, त्याचं दुसरं टोक न्यूट्रलला. लाल दिवा म्हणजे पाणी घाला. दोन्ही बाजूंच्या वायरी एकत्र बांधू नका.

सगळी गंमत फ्लोटच्या उंचीत आहे. समजा नेहमीची पातळी १४ सेंमी आणि पंप बंद केल्यावर सम्प ६ सेंमी वाढतो. (तुमचा आकडा प्लग काढून, पट्टी लावून मोजा.) खालचा फ्लोट ८ वर ठेवा, पंपाचं तोंड त्याच्याखाली बुडलेलं हवं. पाणी ८ ला आलं की पंप बंद, पातळी १४ ला चढणार. वरचा फ्लोट १७ वर असेल तर तो उचलणार नाही, पंप गप्प राहील. आणि नेहमीच्या पातळीला लाइट गेली तर पाणी २० ला जातं, वरचा फ्लोट जोडलेला असतो, लाइट आल्याबरोबर पंप सुरू. सम्प ११ च्या खाली असताना लाइट गेली तर मात्र पंप परत लागणार नाही. ते मला चालतं, कारण पाणी घालायची वेळ आलेलीच असते. पण हवेचा पंप वेगळ्या प्लगवर ठेवाच, मासे त्यावर तग धरतात.

हीटर सम्पमध्ये असेल तर त्याचाही फेज याच एनओवर घ्या. उघडी पडलेली तापलेली काच गार पाणी लागलं की तडकते. १०० वॉटचा हीटर अर्ध्या ॲम्पच्या आतच घेतो, रिलेला जड नाही.

दोन्ही फ्लोट २ इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवा, खाली ४-५ मिलिमीटरची भोकं पाडून. लाटेनं फ्लोट थरथरला तर पाणी असूनही रिले सुटेल. दुसरा शत्रू गोगलगाय: मोहरीएवढं पिल्लू फ्लोट आणि दांडीच्या फटीत बसलं की फ्लोट वरच अडकतो आणि पंप कोरडा चालतो. बोअरचं पाणी असेल तर त्याच फटीत पांढरा क्षार धरतो. महिन्यातून एकदा व्हिनेगरमध्ये अर्धा तास, मग धुऊन बोटानं सरकवून बघा.

बॉक्स पाण्याच्या पातळीच्या वर. खाली लावलात तर पाणी वायरीवरून ओघळत आत येतं. वायरीला बॉक्सच्या आधी खाली झोल द्या, थेंब तिथंच गळतो. लाइनवर ३० मिलिॲम्पची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर या सगळ्याआधी इलेक्ट्रिशियनकडून ती बसवून घ्या, आणि सम्पमध्ये हात घालताना प्लग काढलेलाच हवा.