स्टरिलिटी टेस्टच्या मीडियाचं रेफरन्स स्टँडर्ड कुठे मिळतं?

तुम्ही विचारलंय की केमिस्ट्रीवाले औषधाची मात्रा काढताना फार्माकोपियाचं (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथाचं) रेफरन्स स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचा प्रमाणित शुद्ध नमुना, शेजारी लावतात, तसं स्टरिलिटी टेस्टच्या (औषध निर्जंतुक आहे का हे बघणाऱ्या चाचणीच्या) मीडियासाठी, म्हणजे जंतू वाढवायच्या पोषक द्रवासाठी, काय लावायचं आणि पुरवठादाराचं सर्टिफिकेट पुरेसं आहे का. सर्टिफिकेट फाइलला जरूर लावा, पण तेवढ्यावर मीडियाचा लॉट वापरायला काढू नका. मी इंजेक्शनच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये काम करते आणि या एका मुद्द्यावर फार आग्रही आहे.

मीडियाला शेजारी लावायची ‘शुद्ध’ पावडर नसते. तिथे स्टँडर्ड म्हणून ठरलेले जंतू असतात. मीडिया दोन असतात. फ्लुइड थायोग्लायकोलेटमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी ६५३८ (एटीसीसी हा अमेरिकेतला जंतूंचा संग्रह, आकडा म्हणजे त्यातल्या स्ट्रेनचा, ठरावीक वाणाचा, क्रमांक), स्यूडोमोनास एरुजिनोसा ९०२७ आणि क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनिस १९४०४ घालतात. सोयाबीन केसीनमध्ये बॅसिलस सबटिलिस ६६३३, कॅन्डिडा अल्बिकन्स १०२३१ आणि अ‍ॅस्परजिलस ब्राझिलिएन्सिस १६४०४. पहिला मीडिया ३० ते ३५ अंशांवर, दुसरा २० ते २५ वर. बॅक्टेरिया ३ दिवसांत आणि बुरशी ५ दिवसांत डोळ्यांना स्पष्ट दिसली पाहिजे. हीच ग्रोथ प्रमोशन टेस्ट.

यात सगळ्यात महत्त्वाचा आकडा १०० हा आहे. प्रत्येक बाटलीत १०० सीएफयूपेक्षा (सीएफयू म्हणजे वाढून वसाहत करू शकणारा जिवंत जंतू) जास्त जंतू घालायचे नाहीत. लाखभर घातले तर निकृष्ट मीडियासुद्धा गढूळ होईल आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. दूषित व्हायलमध्ये मात्र मोजकेच जंतू असतात, तेही गाळणीतून आणि प्रिझर्व्हेटिव्हमधून अर्धमेले होऊन आलेले. आणि स्टरिलिटी टेस्टमध्ये आपल्याला हवा असतो तो निकाल म्हणजे १४ दिवस काहीच न उगवणं. जंतू वाढवू न शकणारा मीडियाही १४ दिवस स्वच्छच दिसतो. औषध निर्जंतुक आहे की मीडिया कुचकामी आहे, हे त्या बाटलीकडे बघून कधीच कळणार नाही. म्हणून इनॉक्युलमची (घातलेल्या जंतूंच्या द्रवाची) प्लेट त्याच वेळी लावा. किती घातले हे मोजल्याशिवाय ती टेस्ट मी टेस्ट मानत नाही.

थायोग्लायकोलेटच्या नळीत नुसतं ‘वाढ आहे’ लिहून मोकळे होऊ नका, वाढ कुठे आहे तेही बघा. त्यात थोडा आगर (दाटपणा आणणारा पदार्थ) असतो, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली सहज उतरत नाही. स्यूडोमोनास वरच्या थरात वाढतो, क्लॉस्ट्रिडियम खाली. वरचा गुलाबी पट्टा रेझाझुरिन या रंगद्रव्याचा, म्हणजे ऑक्सिजन तिथपर्यंत पोचलाय. तो मीडियाच्या वरच्या एक-तृतीयांशाच्या खाली गेला तर नळ्या उकळत्या पाण्यात किंवा वाफेत रंग जाईपर्यंत तापवून लगेच थंड करता येतात, पण एकदाच. दुसऱ्यांदा गुलाबी झाल्या तर टाकून द्या.

पुरवठादाराचं सर्टिफिकेट त्याच्या लॅबमधल्या पावडरबद्दल असतं. तुमच्याकडे डबा उघडल्यावर ओल धरली, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं) लांबला आणि मीडिया करपून गडद झाला, पीएच सरकला, याची हमी तो कशी देणार? म्हणून पावडरपासून केलेली प्रत्येक बॅच तपासायची, तयार आणलेल्या मीडियाचा प्रत्येक लॉटही. पीएच थायोग्लायकोलेटचा ७.१, सोयाबीन केसीनचा ७.३, दोन्हीकडे ०.२ ची सूट. काही नळ्या जंतू न घालता १४ दिवस ठेवा, त्या स्वच्छ राहायला हव्यात.

जमत असेल तर तुमच्याच क्लीनरूममधून मिळालेला एखादा जंतूही या टेस्टमध्ये घाला. माणसाच्या त्वचेवरचा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस सावकाश वाढतो, आणि मीडिया कमकुवत असेल तर अशा जंतूकडूनच ते लवकर लक्षात येतं.

आता जंतू आणायचे कुठून? ठरलेल्या स्ट्रेनशी जुळणारे कल्चर भारतातही मिळतात: पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम संग्रह आणि चंडीगडचा एमटीसीसी. मागवताना एटीसीसी क्रमांक तंतोतंत जुळतोय का ते बघा, कारण ६५३८ आणि ६५३८पी हे दोन वेगळे क्रमांक आहेत. अँप्यूल आली की सीड लॉट (मूळ साठा) करून ग्लिसरॉलमध्ये गोठवा आणि प्रत्येक पॅसेजची (नव्या मीडियात पुन्हा वाढवण्याची) नोंद ठेवा. मूळ सीड लॉटपासून ५ पॅसेजच्या पुढचं कल्चर टेस्टला चालत नाही. ऑडिटर आला की मीडियाच्या सर्टिफिकेटइतकंच हे रजिस्टरही मागेल.