प्रकटीकरण हाती घेण्याआधी

थेट प्रकटीकरणाला, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाला, हात घालू नकोस. आधी मत्तय 24 (मत्तयच्या शुभवर्तमानाचा 24 वा अध्याय) वाच, शेजारी लूक 21 उघडं ठेव. शिष्यांनी येशूला विचारलं होतं ते यरुशलेमच्या मंदिराबद्दल, आणि ते मंदिर इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने पाडलं. माझ्या मते येशूने तिथे सांगितलेलं बरंच तेव्हाच घडून गेलं.

प्रकटीकरण 13 मधलं समुद्रातून निघणारं श्वापद जुन्या करारातल्या दानीएल 7 शी ताडून बघ. चित्ता, अस्वल, सिंह, दहा शिंगं, सगळं तिथलंच.

2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा ‘शेवट आला’ म्हणणारे आपल्याकडेही निघाले. (दरवेळी निघतात!) अशांना मत्तय 24:36 काढून दे: तो दिवस नि ती घटका कोणालाच ठाऊक नाही.

ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य फक्त प्रकटीकरण 20 मध्ये येतं. त्यावरून पाळकांशी एवढ्यात वाद नको, आधी दानीएल संपव.