हात साफ, हात बसला की अंगवळणी पडलं?

इथल्याच, इंदूरच्या एका काकूंचा प्रश्न आहे. "कारवर आता माझा हात साफ झालाय," असं त्या म्हणाल्या आणि पुण्याहून आलेली नवी सून हसत सुटली. 'साफ' चुकीचं असेल तर 'हात बसला' म्हणायचं की 'अंगवळणी पडलं'?

सून हसणारच. हिंदीत हात साफ होतो तो सरावानं. पुण्याकडे हात साफ करतात तो दुसऱ्याच्या खिशावर, फार तर श्रीखंडावर. सासूबाईंनी कुणाची गाडी लांबवली की काय, असं वाटलं असेल तिला! आपण इंदूरकर दिवसभर हिंदीत वावरतो, त्यामुळे घरात हे खुशाल चालू द्या.

'हात बसणे' हे हाताच्या कसबाबद्दल. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जलेबीवाल्याला बघा. फडक्याची पोटली कढईवर फिरतेय, वेटोळ्यावर वेटोळं पडतंय, आणि हा गिऱ्हाइकाशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालतोय. पीठ जरा सैल झालं, धार जाड पडू लागली, की हात आपसूक वेग वाढवतो. खरं म्हणजे हातात काहीच बसलेलं नसतं. डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू हात कुठे जायला हवा होता आणि कुठे गेला, यातला फरक टिपतो आणि पुढच्या खेपेला तेवढी दुरुस्ती करतो. वजनानं हा मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास एकट्या त्याच्यात!

'अंगवळणी' म्हणजे अंगाच्या वळणात. शेवटची 'ई' सप्तमीची, 'घरी', 'दारी'मधली. अक्षराला असतं तेच हे वळण. पदरी पडणे, कानी पडणे, पचनी पडणे ही याचीच भावंडं, आणि सगळीकडे कर्ता ती गोष्ट असते, माणूस नव्हे. म्हणून 'मी गाडीला अंगवळणी पडले' हे चूक, 'गाडी माझ्या अंगवळणी पडली' हे बरोबर. 'मी'ला इथे षष्ठीपुरतीच जागा.

मला हे व्याकरण फार शहाणं वाटतं. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी १९६२ साली एका रुग्णाबद्दल लिहिलं होतं. अपस्मारासाठी झालेल्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्या नव्या आठवणी टिकत नसत. आरशात बघून चांदणी गिरवायचं अवघड काम त्याला तीन दिवस दिलं. हात दिवसेंदिवस सुधारत गेला, पण आपण हे आधी केलंय हे त्याला आठवेना. चांदणी अंगवळणी पडली होती, 'मी'ला पत्ताच नव्हता.

कसब नसलेल्या गोष्टीही अंगवळणी पडतात: मे महिन्यातला उकाडा, शेजारच्यांचा टीव्ही. तिथे हात बसत नाही.

तेव्हा काकू, कारसाठी 'हात बसला' म्हणा. क्लच पायाखाली असला म्हणून काय झालं, 'पाय बसला' असं कुणी म्हणत नाही.