मांडी घालता आली नाही तर तबला सुटतो का?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा १८ वर्षांचा. बारावी झाली, तबल्याची ‘मध्यमा पूर्ण’ ही परीक्षा झाली. नोव्हेंबरच्या सत्रात पुढच्या, ‘विशारद प्रथम’ परीक्षेला बसायचं होतं आणि पुण्यात बी.ए. संगीताला फी भरून प्रवेशही घेतला होता. उजवा गुडघा दुखायला लागला म्हणून तपासण्या केल्या, तर मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर निघाला. दहा दिवसांनी परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पहिली केमो आहे. पुढे ऑपरेशन करून हाडाचा तो भाग आणि गुडघा बदलणार आहेत. मुक्काम डोंबिवलीला मावशीकडे. वडील म्हणतात, तबला पुरे, बी.कॉम. कर. आजी म्हणतात, तासन्‌तास मांडी घालून बसल्यानेच हे झालं. मुलगा काहीच बोलत नाही. आईने शेवटी विचारलं आहे, ‘तबला कपाटात ठेवून देऊ का?’

ताई,

आधी आजींना एक गोष्ट समजावून सांगा, आणि मुलगा ऐकत असताना सांगा. हा आजार मांडी घालून बसल्याने होत नाही, पडल्यानेही होत नाही. वाढीच्या वयात हाडं झपाट्याने वाढतात तेव्हा, विशेषतः गुडघ्याच्या आसपास, हा कॅन्सर जास्त दिसतो. रियाजाला बसताना गुडघा दुखला म्हणून आजार लक्षात आला, एवढाच रियाजाचा त्याच्याशी संबंध. तो गप्प आहे त्याला हेही कारण असू शकतं. आपण ज्यावर जीव लावला त्यानेच आपल्याला आजारी पाडलं, असं वाटत असताना कोण तबल्याला हात लावेल?

बी.कॉम. की तबला, हा प्रश्न आज सोडवू नका. आज एवढंच ठरवा, की हे शैक्षणिक वर्ष उपचारांसाठी आहे. साधारण दोन-तीन महिने केमो, मग ऑपरेशन, जखम भरली की पुन्हा काही महिने केमो, असा क्रम असतो. रक्तातल्या पेशी वेळेत भरून आल्या नाहीत की केमो पुढे जाते, म्हणून आठ ते दहा महिने धरून चाला. ‘जमेल तसं कॉलेज करू’ या विचाराने हजेरी बुडते, परीक्षा राहते आणि निकालपत्रावर नापास लागतं. मुद्दाम घेतलेल्या खंडाचा असा डाग राहत नाही.

प्रवेशाचं काम याच आठवड्यात करा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांच्या आत प्रवेश रद्द केला तर ८० टक्के फी परत मिळते, त्यानंतर ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के, पुढे काही नाही. तारीख उलटली नसेल तर आणखी जास्त मिळते. लेखी अर्ज द्या, सोबत बायोप्सी रिपोर्टची प्रत जोडा आणि पोच घ्या. रुग्णालयाकडून उपचार सुरू झाल्याची तारीख असलेलं प्रमाणपत्र आताच मागून ठेवा, आणि उपचार संपले की संपल्याच्या तारखेचं दुसरं. पुढच्या वर्षी खंडाच्या प्रतिज्ञापत्राला ही दोन्ही लागतील. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, तेव्हा विशारदचा फॉर्म यंदा भरूच नका. उपचार संपल्यानंतरचं पहिलं सत्रही सोडा, दुसरं धरा.

आता दहा दिवसांत करायचं काम. सगळ्यात आधी कान.

या आजारात सहसा सिस्प्लॅटिन नावाचं औषध असतं. ते आतल्या कानाच्या पेशींना इजा करू शकतं. ऐकू कमी येणं दोन्ही कानांत, वरच्या पट्टीपासून सुरू होतं, ४००० हर्ट्झच्या वरून, आणि गेलेलं बहुधा परत येत नाही. बोलणं नीट ऐकू येत असतं, त्यामुळे घरच्यांना पत्ताही लागत नाही. म्हणून पहिल्या सिस्प्लॅटिनच्या आधी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी झालीच पाहिजे. नेहमीचा ८००० हर्ट्झपर्यंत असतो. सोय असेल तिथे १६००० पर्यंतचा करून घ्या. पुढे सिस्प्लॅटिनच्या प्रत्येक डोसाआधी तो पुन्हा करता येईल का, हे विचारा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘मुलगा तबलावादक आहे, कान हेच त्याचं करिअर आहे.’ सोडियम थायोसल्फेट नावाचं औषध सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी देऊन मुलांचे कान वाचवण्याचा उपाय आहे. आजार पसरलेला नसेल तरच तो विचारात घेतात. तुमच्या मुलाला तो लागू आहे का, हे डॉक्टरच ठरवतील, पण प्रश्न तुम्ही विचारा. इन्फेक्शन झालं तर अमिकासिन, जेंटामायसिन गटातली अँटिबायोटिक्सही कानाला त्रास देतात. दुसरा पर्याय असेल तर तो निवडावा, अशी विनंती फाइलवर लिहून घ्या. कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी सांगायचं, पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

इथे वडिलांना धीर देणारी एक गोष्ट आहे. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातला तबला साधारण २७७ हर्ट्झला बोलतो. मधल्या काळ्या शाईमुळे तबल्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी दाखवून दिलं होतं, आणि त्यातला पाचवा स्वरसुद्धा १४०० हर्ट्झच्या आसपासच असतो. म्हणजे वरच्या पट्टीतलं थोडं गेलं तरी सुरात मिळवण्याची जाण बहुतेक टिकते. चाटेवरच्या (तबल्याच्या कडेच्या पट्टीवरच्या) ‘ता’ची धार त्याला कमी ऐकू येईल, त्यामुळे हात जड पडण्याचा धोका असतो. गुरुजींना हे माहीत असलं म्हणजे ते तिथेच टोकतील.

दुसरी गोष्ट, बोटं आणि शिरा. केमोतलं डॉक्सोरुबिसिन हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जळतं. हाताच्या पाठीवर सुई लावून ते द्यायला नको. छातीत कातडीखाली बसवायचा केमोपोर्ट किंवा दंडातून घालायची पिक लाइन, यांपैकी काय होणार ते विचारा. वादकाला पोर्ट सोयीचा, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. सिस्प्लॅटिनने बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ शकतात, आणि औषध थांबल्यावरही काही महिने त्या वाढू शकतात. हे आधी माहीत नसेल तर मुलगा उपचार संपल्यावर घाबरतो. शर्टाचं बटण लावता येतं का, नाणं चाचपून ओळखता येतं का, हे दर आठवड्याला पाहून वहीत लिहा.

तिसरी गोष्ट संकोचाची आहे, पण सांगायलाच हवी. या औषधांनी पुढे मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते. केमोआधी वीर्य गोठवून ठेवता येतं, त्याला दोन-चार दिवस पुरतात. हे वडिलांनी किंवा मामांनी त्याच्याशी एकट्यात बोलावं.

आता तुमच्या मूळ भीतीकडे येते. बदललेल्या गुडघ्यावर चालता येतं, खुर्चीवर बसता येतं, जिने चढता येतात. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं मात्र सर्जन बहुधा कायमचं बंद करतात, कारण त्या पिळाने सांधा झिजतो आणि हाडातली पकड सैल होते. आत्ताही मांडी नकोच. गाठीने हाड ठिसूळ केलेलं असतं, ते मोडलं तर ऑपरेशनच अवघड होऊन बसतं. मालिश तर अजिबात नको, कुणी कितीही आग्रह केला तरी.

म्हणून खुर्चीवरची बैठक ऑपरेशनआधीच सुरू करा. हात नसलेली, न फिरणारी खुर्ची घ्या, बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच. समोर तितक्याच उंचीची भक्कम फळी, दोन्ही चुंबळी (तबला-डग्ग्याखालच्या गोल गाद्या) तिच्यावर. फळी हलली तर डग्ग्यावर मनगट दाबून मींड, म्हणजे घसरता सूर निघत नाही, म्हणून घडीचं टेबल चालत नाही. सुताराकडून करून घ्या. गुडघे फळीखाली मावत नाहीत, ते दोन्ही बाजूंना ठेवा आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले असू द्या. तबला नेहमीपेक्षा वर आला तर खांदे उचलले जातात आणि पंधरा मिनिटांत मान धरते. तसं झालं तर फळी दोन सेंटिमीटरने खाली घ्या. पहिला महिना हात परका वाटेल. हाताचा कोन बदललेला असतो, त्यात त्याचं काही चुकत नाही.

रियाजाचं वेळापत्रक तीन आठवड्यांच्या केमोप्रमाणे लावा. पहिल्या आठवड्यात मळमळ, तेव्हा फक्त ऐकणं. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पेशी सगळ्यात खाली असतात. तोंड आलं असेल तर पढंतही, म्हणजे बोल तोंडाने म्हणणंही जमत नाही, मग उशीवर बोटं फिरवावीत, तिहाया (तीनदा येणारे बोल) कागदावर बांधाव्यात. प्लेटलेट्स ५०,००० च्या खाली असतील तर तबला बंद, चाटेच्या कडेने बोटं काळीनिळी होतात. बोटाला चीर असेल तरीही बंद. त्याचा तबला इतरांनी वाजवायचा नाही, आणि वाजवण्याआधी साबणाने हात धुवायचे. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका, रात्र असली तरी रुग्णालय गाठा. तिसऱ्या आठवड्यात पेशी वर येतात. तेव्हा खुर्चीवर वीस-वीस मिनिटं, कायदा (पलटे म्हणजे फेरबदल करत वाढवायची बोलांची रचना) संथ लयीत. विशारदच्या लेखी भागाचा अभ्यास या वर्षात निवांत होतो.

घरच्यांनी कामं वाटून घ्या, सगळी तुमच्या एकटीच्या अंगावर नकोत. वडिलांकडे कागदपत्रं द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. मंजुरी आधी घ्यावी लागते, म्हणून रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना आताच भेटा आणि कृत्रिम सांधा त्यात बसतो का, ते लेखी विचारा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारांसाठी स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के; रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. पेशी कमी असलेल्या आठवड्यात डोंबिवलीहून लोकलने मात्र नेऊ नका. मावशीकडे थर्मामीटर आणि वही. मित्रांपैकी लेहरा (तबल्याच्या साथीला पेटीवर वाजवायची फिरती धून) धरणारा कुणी असेल तर त्याने मास्क लावून आठवड्यातून एकदा यावं, आणि आजाराबद्दल न विचारता लेहरा धरावा. गुरुजींना आजच फोन करा. ते दोन ओळींचा नवा कायदा पाठवून ‘पलटे कर आणि कळव’ म्हणाले, तर तो आपण होऊन बोलायला लागेल.

तबल्यात पोट भरेल का, हा वडिलांचा प्रश्न रास्त आहे. आजार नसता तरी तो विचारायलाच हवा होता. साथसंगत, कथकच्या वर्गांची साथ, शिकवण्या, बी.ए.-एम.ए. करून नेट आणि प्राध्यापकी, यांपैकी कशालाच मांडी लागत नाही. वयही हातात आहे: केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. ऑपरेशननंतर पाय स्थिरावला की दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी करून घ्या. ४० टक्के किंवा जास्त भरलं तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के राखीव जागा आणि वयात ५ वर्षांची सूट लागू होते. वरच्या पट्टीतल्या श्रवणदोषावर मात्र प्रमाणपत्र मिळत नाही, कायदा फक्त बोलण्याच्या पट्टीतलं ऐकणं मोजतो. उपचारांनंतरची पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी असते, म्हणून कॉलेज परळला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल असं निवडा. पुणे त्यात बसतं. तिथे प्रवेशाच्या वादन-परीक्षेला खुर्ची आणि फळी लागेल, हे फॉर्मसोबतच लेखी कळवा.

तबला कपाटात ठेवू नका, ताई. डोंबिवलीला घेऊन जा. तिथल्या दमट हवेत पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडेल, म्हणून गवसणी घालून भिंतीपासून लांब ठेवा आणि हातोडी त्याच्या उशाशी. सूर उतरला की तो त्याला ऐकू येईल. मिळवायचा की नाही, ते त्याला ठरवू दे.