घोडा चढवतात, दाबतात तो चाप

परभणीहून विचारणा आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवरच्या लेखात 'वैमानिकाने घोडा दाबला, पण बंदुका जाम झाल्या' असं वाक्य आलंय, तिथे घोडा बरोबर की चाप? आणि 'जाम'ला मराठी शब्द कोणता?

घोडा साफ चूक. घोडा म्हणजे हातोडीसारखा आपटणारा भाग. तो चढवतात, बोटाने दाबतात तो चाप. हिंदीतला 'घोडा दबाना' जसाच्या तसा मराठीत ओतणं आता थांबलं पाहिजे. त्यातून स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या ब्राउनिंग मशीनगनला घोडाच नसतो, ठोका बोल्टमधली पिन देते. वैमानिक सुकाणूच्या कड्यावरचं बटण दाबतो आणि दाबाखालची हवा पंखातल्या बंदुकांचे खटके सोडवते. दौलताबादच्या मेंढा तोफेला तर घोडाही नाही, चापही नाही. कानात रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, भरायची नि बत्ती द्यायची.

आता चाप. 'संस्कृत चाप म्हणजे धनुष्य, तिथून आला' एवढं सांगून कोशवाले मोकळे होतात. मला ते मुळीच मान्य नाही. मग 'खर्चाला चाप लावणे' यात धनुष्य कुठून आलं? केसांच्या चापात कोणता बाण? दोन्हीकडे अर्थ एकच, आवळून धरणं. हा शब्द प्राकृत 'चंप' म्हणजे दाबणे, त्या घराण्यातला. हिंदीत चाँपना, आपल्याकडे पाय चेपणं, डोक्याची चंपी. आणि त्याच चाँपनाच्या 'चाँपो' या आज्ञार्थी रूपावरून इंग्रजांनी 'शॅम्पू' उचलला. अठराव्या शतकात त्याचा अर्थ अंग रगडणे, चेपणे असाच होता. म्हणजे न्हाणीघरातली बाटली आणि बंदुकीचा चाप ही सख्खी भावंडं! धनुष्यवाल्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

राहिला 'जाम'. अडकणे आहेच, पण काय अडकलं ते लिहा. उंचावरच्या थंडीत वंगण आणि ओल गोठते, तेव्हा बंदूक गोठली म्हणावं. म्हणूनच रेडिएटरची गरम हवा बंदुकांपर्यंत नेत आणि नळ्यांच्या तोंडांवर कापडी पट्ट्या डकवत. पहिल्याच फैरीत त्या फाटत. १९४० मध्ये ब्रिटिश हवाईदलाच्या १९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला २० मिलिमीटरच्या हिस्पानो तोफांची स्पिटफायर मिळाली. पंख पातळ, साठ गोळ्यांचं ड्रम मावेना, म्हणून तोफ कुशीवर आडवी बसवली. रिकाम्या पुंगळ्या नीट बाहेर पडेनात, तोफा वारंवार बंद पडू लागल्या. शेवटी वैमानिकांनी आठ मशीनगनची जुनी विमानं परत मागून घेतली. तिथे 'पुंगळी अडकली' हेच नेमकं. पी-५१ बी मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाच्या पंखात ब्राउनिंग तिरक्या बसवल्या होत्या. काडतुसांचा पट्टा पीळ खात आत जाई, आणि करकचून वळण घेतलं की वजन वाढून तो ओढलाच जात नसे. त्याच विमानाच्या पुढच्या डी प्रकारात बंदुका सरळ उभ्या बसवल्या, तेव्हा तो त्रास मिटला. तिथे लिहावं, 'पट्टा अडला'.